एका खुरसाच्या दोन लादाईनी

बोस्त्यांव न्हावी आणि मिंगेल सुतार दुपारी तीनच्या सुमारास एकाच चटईवर आडवे झाले, तेव्हा किटेरियाने आधी कपाळा-छातीवर खुरसाची खूण करून देवाचे आभार मानले आणि मग बाटलीला बूच लावलं. बाटलीत अजून चार बोटं हुर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू, शिल्लक होता. मोसमातला शेवटचा, त्यामुळे चढायला जरा कडकच. सोबतीला तिने सुक्या बांगड्याचं किसमूर केलं होतं, मुद्दाम जहाल, म्हणजे घासागणिक घोट जावा.

त्रेसष्टाव्या वर्षी दोन बाप्यांना पाजून मागच्या पडवीत झोपवणं फुर्तादोंच्या घरातल्या विधवा बाईला शोभणारं नव्हतं. पण शोभतील अशा सगळ्या गोष्टी तिने अकरा वर्षं करून पाहिल्या होत्या. नवस केले, उपास केले, दोन्ही भावांच्या उश्यांखाली संताच्या तसबिरी ठेवल्या. तसबिरी चुरगळल्या, भाऊ तसेच राहिले.

आज वाड्याच्या खुरसापुढच्या लादाईनीचा, सगळ्यांनी मिळून गायच्या प्रार्थनेचा, नववा आणि शेवटचा दिवस. परवा मंगळवारी धाकटा भाऊ इनास बायकोला घेऊन लेकीकडे कॅनडाला निघाला होता. "येऊ की अधूनमधून," असं तो सगळ्यांना सांगत होता. पण जो माणूस घरातल्या कोंबड्यासुद्धा शेजाऱ्यांना वाटून टाकतो, तो अधूनमधून येत नसतो. म्हणजे जे काही करायचं ते आजच.

थोरला कायतान वरचा आवाज गायचा आणि इनास खालचा, शिवाय व्हायोलिनही तोच वाजवायचा. बापाने लहानपणीच तशी वाटणी करून दिली होती. लादाईन एकट्याने होत नाही. वरचा आवाज पुढे जातो, खालचा त्याला धरून ठेवतो, आणि ओळ संपली की सगळा वाडा एका दमात उत्तर देतो. शब्द लॅटिन. बोरभाट वाड्यात ते कुणालाच कळत नव्हते; देवाला कळत असतील एवढ्या भरवशावर चार पिढ्या काम चाललं होतं.

मग अकरा वर्षांपूर्वी मांय गेली. सिमितेरीत दफनाच्या खड्ड्याच्या काठावर कायतानने सूर फार वरचा धरला. अजिबात रडायचं नाही असं ठरवून आलेल्या माणसाचं असंच होतं. शेवटच्या ओळीला त्याचा आवाज फाटला, अगदी कोंबड्यासारखा फाटला, आणि त्या शांततेत कुणीतरी फिस्सकन हसलं. कायतानने मान वळवली. शेजारी इनास रुमालात तोंड खुपसून उभा, खांदे गदगदा हलताहेत. इनास रडत होता. पण रुमालाआडचं रडणं आणि रुमालाआडचं हसणं बाहेरून सारखंच दिसतं, आणि कायतानला जे दिसायचं ते दिसलं.

हसली होती किटेरिया. मागे, काळ्या बुरख्याआड. तिला हसायचं मुळीच नव्हतं. पण कायतान घरात सराव करताना वरच्या सुरावर चढला की मांय हातातली आमटी ढवळायची डवली हलवत म्हणायची, "कोंबड्यांना सांगा गे, उजाडलं!" ती डवली किटेरियाला नेमकी त्या क्षणी दिसली. पेटीतल्या मांयने ती हलवली असंच वाटलं. पुढे हसू आवरणं तिच्या हातात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सांगू, असं तिने ठरवलं. मग महिन्याच्या मिसेच्या प्रार्थनेनंतर सांगू. मग वर्ष झाल्यावर. ती राहायची कायतानच्या घरात, मागच्या खोलीत. नवरा बोटीवर वारल्यापासून दुसरीकडे जायला जागा नव्हती. सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

त्या मे महिन्यापासून बोरभाटच्या एका खुरसापुढे दोन लादाईनी होऊ लागल्या. साडेपाचला कायतानची; खालचा आवाज म्हणून बोस्त्यांव न्हावी, जो सगळ्या ओळी एकाच सुरात म्हणायचा. सातला इनासची, वरचा आवाज म्हणून मिंगेल सुतार, ज्याला करवतीच्या आवाजाची सवय असल्यामुळे आपला आवाज बरा वाटायचा. वाड्यातल्या लोकांनी दोन्हींना हजेरी लावली. दोन्हीकडे चणे मिळायचे, दोन्हीकडे फेणी मिळायची, मग नाराज कोण होणार? चणे दोन्हीकडचे किटेरियाच शिजवायची. माणसं म्हणायची, भांडण असावं तर फुर्तादोंसारखं.

नाराज होती ती एकटी किटेरिया. तिचं आणि देवाचं एक जुनं ठरलेलं होतं, जे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. लहानपणापासून ती लादाईनीत मागच्या चटईवर बसायची, आणि तीन-चार ओळी झाल्या की तो यायचा. उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा, कुणाला उठवायला न लावता, तिच्या मागे बसायचा. ती कधी वळून बघत नसे. बघायची गरज नव्हती. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले, साठ-सत्तर तोंडांनी उत्तर दिलं, की पाठीला ऊब लागायची आणि कळायचं, आला. अकरा वर्षं तो आला नव्हता. साडेपाचला नाही, सातलाही नाही. त्याचीही पंचाईत झाली असेल, कुठल्या भावाकडे जावं म्हणून.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात तिने हे पाद्रीला कबुलीच्या जाळीआडून सांगितलं होतं.

"देव सगळीकडे असतो, बाय," पाद्री म्हणाला.

"असेल. पण मला भेटायचा तो खुरसाकडे, मागच्या चटईवर."

"इगर्जीत येतेस ना रोज?"

"येते. इथे तो तुमच्याकडे असतो, पाद्री. तुमचं काम असतं त्याच्याकडे. तिथे तो नुसता बसायला यायचा."

पाद्री जाळीजवळ सरकला. "अजून काही सांगायचं राहिलंय का तुझं?"

"राहिलंय," किटेरिया उठत म्हणाली. "पण चुलीवर डाळ ठेवून आलेय."

तर आता बोस्त्यांव आणि मिंगेल चटईवर घोरत होते, एक वरच्या सुरात आणि एक खालच्या, आणि जागेपणी जमलं नसतं इतकं त्यांचं झोपेत जमत होतं. किटेरिया त्यांच्या अंगावर माश्या बसू नयेत म्हणून जुना पडदा घालत होती, एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात एर्मेलिंद येऊन उभी राहिली. एर्मेलिंद म्हणजे कायतानची बायको, किटेरियाची कुन्याद. लग्न होऊन आली त्या दिवसापासून नवऱ्याच्या बाजूने उभी राहिलेली, आणि उभं राहून राहून पाय सुजलेले.

"हे काय आहे, किटेरिया?"

"झोपलेत."

"ते दिसतंय. का झोपलेत?"

"ऊन फार आहे, कुन्याद."

एर्मेलिंदने वाकून वास घेतला. बाटली पाहिली, किसमूरची रिकामी बशी पाहिली. "दोन तासांत बोस्त्यांवला अंघोळ करून खुरसाकडे गर्नाळाचा बार उडवायचाय. बार ऐकल्याशिवाय तुझा भाऊ पायरी उतरत नाही, माहीत आहे ना? कोट घालून खुर्चीत बसून राहील."

"इनासचंही तसंच. मिंगेलने दोन बार उडवल्याशिवाय तो व्हायोलिन पेटीतून काढत नाही."

"म्हणजे आज..." एर्मेलिंद बोलता बोलता थांबली. तिला उशिरा कळायचं, पण कळलं की सगळं एकदम कळायचं. तिने पदर नसलेल्या झग्याचाच काठ धरून तोंड पुसलं आणि ती खाली बसली. किटेरियाला वाटलं, आता ही कायतानला हाक मारणार.

"शनिवारी तो सराव करतो," एर्मेलिंद हळूच म्हणाली. "दार लावून, भिंतीकडे तोंड करून. तुला ऐकू येत असेल."

"येतं. कोंबड्यांनाही येतं."

"चेष्टा नको. तू मागच्या खोलीतून ऐकतेस, मी दाराला कान लावून ऐकते. एक ओळ म्हणतो आणि थांबतो. मग पुढची म्हणतो, पुन्हा थांबतो. मला आधी वाटलं दम लागतो. दम नाही गे. खालच्या आवाजाला जागा सोडतो. अकरा वर्षं त्या भिंतीसाठी जागा सोडतोय." एर्मेलिंदने नाक ओढलं. "मला असलं दुःख कळत नाही, मला तर गाता पण येत नाही. पण मी आता कंटाळले."

"मग?"

"मग काय? गर्नाळाची वात कुठल्या बाजूने पेटवायची ते माहीत आहे का तुला? की चुलीसारखी फुंकर घालत बसशील?"

अशा रीतीने शत्रूच्या छावणीतला सर्वांत मोठा किल्ला बिनलढाई पडला. दुसऱ्या छावणीत तर लढायचीही गरज नव्हती. इनासची बायको एस्पेरांस कुंपणापलीकडे शेवटचे कपडे वाळत घालत होती. किटेरियाने नुसतं म्हटलं, "आज इनासला कोट घालून तयार ठेव, जरा लवकर." एस्पेरांस हातातला चिमटा तोंडात धरून नणंदेला म्हणाली, "दुपारपासून तयार आहे, माना. भिंती बघत फिरतोय. काहीतरी करा तुम्ही, नाहीतर या भिंतीही सामानात बांधाव्या लागतील मला."

एक बार कायतानचा. दोन बार इनासचे. हे वाड्यातल्या कुत्र्यांनाही पाठ होतं. पावणेसहाला, ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेल्यावर, किटेरिया झग्याचा घोळ कमरेत खोचून खुरसामागच्या शेतात उतरली. एर्मेलिंद चुलीतलं जळतं लाकूड घेऊन मागोमाग आली आणि पाच पावलांवर थांबली.

"पुढे ये ना!"

"मला नातवंडं आहेत," एर्मेलिंद म्हणाली. "तुला कोण आहे?"

किटेरियाने लाकूड घेतलं आणि एकापाठोपाठ एक तिन्ही गर्नाळांना बत्ती दिली. तिसऱ्याच्या वेळी झग्याला ठिणगी लागली ती तिने थुंकी लावून विझवली. आवाज टेकडीवर जाऊन परत आला. कावळे उडाले. मग वाड्यात असा सन्नाटा पसरला की जणू सगळे आपापल्या दारात उभं राहून बोटं मोजत होते.

तीन बार? कुणाचे तीन?

जे एरवी साडेपाचला यायचे ते आले, जे सातला यायचे ते आले, आणि जे कधीच यायचे नाहीत तेही आले, कारण तीन बार म्हणजे काय हे बघायला हवंच होतं. दहा मिनिटांत खुरसापुढच्या चटया भरल्या. चुन्याने रंगवलेल्या खुरसावर अबोलीचे हार होते. एर्मेलिंदने एका बाजूने आणि एस्पेरांसने दुसऱ्या बाजूने मेणबत्त्या पेटवायला घेतल्या होत्या, आणि मधल्या मेणबत्तीशी दोघींचे हात भिडले तेव्हा दोघींनी मिळून तीही पेटवली.

कायतान वरच्या वाटेने आला, पांढऱ्या कोटात, छाती काढून. इनास खालच्या वाटेने आला, काखेत व्हायोलिन धरून. दोघे खुरसाच्या दोन अंगांना उभे राहिले, मध्ये तीन हातांचं अंतर, आणि दोघांनीही खुरसाकडेच पाहिलं.

"किटेरिया," कायतान मोठ्याने म्हणाला. "त्याला विचार, याच वेळी इथे काय काम काढलं?"

"मानू, तो हा इथे उभा आहे. तूच विचार," किटेरिया थोरल्या भावाला म्हणाली.

"मी त्याच्याशी बोलत नाही, हे सगळ्या वाड्याला माहीत आहे."

"इनास," किटेरियाने मान वळवली, "मानू विचारतोय, तुझं काम काय."

"सांग त्याला, मी दोन बार ऐकले."

"मी एक ऐकला," कायतान म्हणाला.

"मी तीन ऐकले," एर्मेलिंदने मागून आवाज चढवला. अकरा वर्षांत ती पहिल्यांदा मागून बोलली असल्यामुळे कायतानला कोण बोललं ते शोधावं लागलं. "आणि आता मेणबत्त्या पेटल्यात. पेटल्या मेणबत्तीला पाठ दाखवून ज्याला घरी जायचंय त्याने जावं. रस्ता मोकळा आहे."

पेटल्या मेणबत्तीला लादाईनीशिवाय पाठ दाखवायची नाही, हा नियम दोघांच्या बापाचा होता. दोघेही हलले नाहीत.

"बोस्त्यांव कुठे आहे?" कायतानने विचारलं.

"बरं नाही त्याला."

"आणि त्याचा तो सुतार?"

"त्यालाही तेच झालंय," किटेरिया म्हणाली. "साथ आहे."

चटयांवर कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून तोंड दाबलं. इनासने व्हायोलिन खांद्याला लावलं, कान वाकवून एक तार जुळवली आणि सूर दिला. साधा, मध्यम, सगळ्यांना पेलणारा.

"त्याला सांग," कायतान म्हणाला, "सूर मी धरतो. बापाने मला दिलाय."

"त्याला सांग, बापाने दिलेला हाच होता. वरचा तो स्वतः चढवतो."

"त्याला सांग, वर जायला छाती लागते."

"त्याला सांग, खाली यायला उतरण लागते, ती देवाने त्याला दिलेली नाही."

"मी कुणालाच काही सांगणार नाही!" किटेरियाचा आवाज कापला. ते खरं कापणं होतं, त्यात खोडी नव्हती. "परवा तो जाणार, मानू. मग तू कुणाशी बोलत नाहीस ते वाड्याला कसं कळणार? गा बघू दोघे. चणे गार होताहेत."

कायतानने कोटाची बटणं चाचपली. इनासने दिलेल्या सुरापेक्षा चांगले दोन सूर वर, हट्टाने, त्याने पहिली ओळ उचलली. ओळीच्या शेवटी, भिंतीपुढे थांबायचा तसा, सवयीने थांबला.

आणि त्या जागेत खालचा आवाज आला.

एकमेकांना वजा करून गायलेल्या अकरा वर्षांनंतर दोघांना थोडी अडचण होईल असं किटेरियाला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. घरातली किल्ली कितीही दिवसांनी लावा, कुलूप उघडतं, तसं ते झालं. इनास खालून आला, कायतानच्या हट्टी सुराच्या बरोबर खाली जाऊन उभा राहिला, आणि तो सूर एकदम हट्टी वाटेनासा झाला. वाड्याने उत्तर दिलं, "ओरा प्रो नोबिस." साठ-सत्तर तोंडं. कुणाच्या तोंडात दात नव्हते, कुणाच्या तोंडात अजून दुपारची सुपारी होती, आणि उत्तर एकच आलं.

दुसरी ओळ. तिसरी. किटेरिया मागच्या चटईवर गुडघे टेकून होती. चौथ्या ओळीला तिच्या पाठीला ऊब लागली.

तिने वळून पाहिलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने वाहू दिलं. इतकी वर्षं कुठे होतास, असं विचारायचं तिच्या मनात होतं, पण तो आला आणि ते विचारायचं राहिलं. तो बसला होता. पुढे आंधळी फिलू होती, जिला दोन्ही लादाईनींत फरक कळायचा नाही असं सगळे समजत. तीही आज मान ताठ करून ऐकत होती. म्हणजे तो एकट्या किटेरियासाठी आला नव्हता. या सगळ्यांनी मिळून बोलावलं होतं, न कळणाऱ्या शब्दांनी, म्हणून तो आला होता. किटेरियाला इतकं बरं वाटलं की त्या क्षणी मरण आलं असतं तरी तिने चणे वाटेपर्यंत थांब, एवढंच म्हटलं असतं.

लादाईन अर्ध्यावर आली. देवाच्या आईची नावं वर वर चढत जातात ती जागा. कायतान चढला. मान ताणली, टाचा उचलल्या, त्याहून वर चढला. आणि जिथे फाटायचा तिथेच, कोंबड्यासारखा, आवाज फाटला.

डवली हलली. किटेरियाने शपथेवर सांगितलं असतं, तिने पाहिली. खुरसाच्या बरोबर वर, मेणबत्तीच्या उजेडात, मांयची डवली.

तिने बुरख्याचं टोक तोंडात कोंबलं. आधी नाकातून फिस्स झालं. मग ते नाकात मावेना. मग ती मोठ्याने, पोट धरून, खदाखदा हसली, आणि त्या हसण्यात हुंदकेही होते, पण कुणाला वेगळे काढता आले नसते.

कायतानने झटकन मान वळवली, अकरा वर्षांपूर्वी वळवली होती तशीच, त्याच बाजूला. इनास त्याच्याकडेच बघत होता. त्याचं तोंड उघडं होतं, गळ्याची शीर ताणलेली होती, खालचा सूर चालू होता. खालचा आवाज धरून माणसाला हसता येत नाही. हे गाणाऱ्याला सांगावं लागत नाही. कायतान बघत राहिला. मग त्याची नजर हळूहळू मागे गेली, चटयांवरून, माणसांवरून, शेवटच्या रांगेपर्यंत, जिथे त्याच्या बहिणीच्या तोंडून त्याची आई हसत होती.

लादाईन मध्ये थांबवायची नसते. इनासने तो सूर सोडला नाही. व्हायोलिनचा गज संपत आला तसा उलटा फिरवला आणि सूर धरून ठेवला, दार उघडं धरून ठेवावं तसा. किटेरियाला वाटलं, संपलं. आता कायतान जाईल, आणि पाठीमागचाही उठून जाईल.

कायतानने डोळे पुसले. मग त्याने फाटलेली ओळ पुन्हा उचलली, या वेळी इनासने दिला होता त्या सुरात, मधल्या, सगळ्यांना पेलणाऱ्या. वाड्याने असं दणकून उत्तर दिलं की एक मेणबत्ती विझली. आणि किटेरियाच्या पाठीमागचा उठला नाही. तिला तर वाटलं, तो जरासा पुढे सरकून बसला.

लादाईन संपली, सगळ्यांनी खुरसाचं चुंबन घेतलं, केळीच्या पानांवर चणे-खोबरं फिरलं, लहान पेले फिरले. कुणी घरी जायला तयार नव्हतं. कायतान पेला हातात धरून चौथऱ्यावर बसला होता. किटेरिया त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मांयच्या मयताला मी हसले होते, मानू."

"ऐकू आलं," कायतान म्हणाला. "जरा उशिरा आलं." मग त्याने मान वर न करता विचारलं, "तुला माहीत होतं?"

हा प्रश्न तिला नव्हता. वाड्यातल्या सगळ्यांना ते एका क्षणात कळलं, आणि सगळ्यांनी चणे चावायचे थांबवले.

"माझ्या कानाशीच हसली ती," इनास म्हणाला.

"मग सांगितलं का नाहीस? अकरा वर्षं?"

"एकदा सांगितलं, मी हसलो नाही म्हणून. तू ऐकलं नाहीस. कोण हसलं ते सांगितलं असतं तर ऐकलं असतंस, आणि ती राहते तुझ्या घरात." इनासने व्हायोलिन पेटीत ठेवलं. "माझं काय, मला माझं घर होतं."

किटेरियाने हातातलं चण्यांचं भांडं खाली ठेवलं. एर्मेलिंद आणि एस्पेरांस एकमेकींच्या पेल्यांत फेणी ओतत होत्या.

कायतानने पेला रिकामा केला. मग घसा खाकरून उभा राहिला आणि कोट खाली ओढला. वाड्याला ही चाहूल ओळखीची होती. हाच माणूस, बोस्त्यांव एकदा मध्ये शिंकला होता तेव्हा, आख्खी लादाईन पुन्हा म्हणायला लावणारा.

"आजची धरायची नाही," त्याने जाहीर केलं. "मध्ये हसणं झालं. मोडलेली लादाईन देवाला पोचत नाही. उद्या पुन्हा म्हणायची. सहा वाजता, एकच बार."

"उद्या मला सामान बांधायचंय," इनास म्हणाला.

"लादाईन झाल्यावर बांध. मी येतो पेट्या दाबायला. तुला कधी पेटी बंद करता आलीय?"

"आणि तू वर चढणार?"

"बघू. तू काय सूर देतोस त्यावर." मग तो किटेरियाकडे वळला आणि त्याने बोट रोखलं. "तू उद्या पुढे बसायचं. माझ्या डोळ्यांसमोर. तोंडात बुरखा नाही, काही नाही."

"आणि हसू आलं तर?"

"तर तीही धरायची नाही. परवा पुन्हा."

"परवा माझं विमान आहे," इनास म्हणाला.

"नियम म्हणजे नियम," कायतान म्हणाला.

किटेरिया घरी आली. पडवीत बोस्त्यांव जागा होऊन बार कधी उडवायचा म्हणून विचारत होता. त्याला तिने उरलेली चार बोटं दिली आणि पुन्हा झोपवलं. मग मोठं पातेलं काढलं, खळाळून धुतलं आणि चणे भिजत घातले. दोन दिवसांचे.